हातावर बांधायचा वायरलेस माउस: कर्सर हलवण्यापासून थांबवण्यापर्यंत

हाताच्या पाठीवर सेन्सर बांधायचा. हात वळला की स्क्रीनवरचा कर्सर वळतो, अंगठ्याने तर्जनीवरचं बटण दाबलं की क्लिक होतं. इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी हा विषय चांगला आहे, कारण यात सर्किट, प्रोग्राम आणि माणसाचा हात या तिन्हींचा अभ्यास होतो. पण पहिल्याच आठवड्यात कर्सर हलू लागतो आणि गटाला वाटतं, काम झालं. कर्सर हलवणं एका संध्याकाळचं काम आहे. तो हवा तिथे थांबवणं, क्लिक करताना जागचा हलू न देणं आणि हात खाली घेतल्यावर त्याला गप्प बसवणं, याला दोन महिने लागतात. पुढचं सगळं त्या दोन महिन्यांसाठी आहे.

जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूर, नंदुरबार या पट्ट्यात शिकत असाल तर आणखी एक गोष्ट पहिल्या दिवसापासून धरून चाला: उष्णता. शेवटचं सादरीकरण येतं ते आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आगेमागे, पारा ४२-४४ वर असताना. सेन्सरचा शून्य, म्हणजे हात स्थिर असताना तो दाखवतो तो आकडा, तापमानाबरोबर सरकतो, लिथियम बॅटरी तापलेल्या खोलीत चार्ज करता येत नाही आणि घामाने स्विच बिघडतात. जानेवारीच्या थंडीत लॅबमध्ये सुरळीत चाललेलं यंत्र मे महिन्यात परीक्षकांसमोर भरकटतं, ते याच तीन कारणांनी.

काय मोजायचं

बहुतेक गटांचा पहिला विचार असतो की ॲक्सिलरोमीटरने हाताचा प्रवेग मोजू, दोनदा इंटिग्रेशन करू आणि हात किती सेंटिमीटर सरकला ते काढू. हा रस्ता सोडून द्या. ०.०१ जी एवढी चूक स्वस्त सेन्सरमध्ये सहज असते. ०.०१ जी म्हणजे ०.०९८ मीटर प्रति सेकंद वर्ग. दोन सेकंदांत अर्धा गुणिले प्रवेग गुणिले काळाचा वर्ग केला की उत्तर येतं ०.१९६ मीटर, म्हणजे हात जागेवर असताना यंत्राच्या मते तो वीतभर सरकलेला. कितीही फिल्टर लावले तरी ही वाढत जाणारी चूक तुम्हाला गाठतेच.

त्याऐवजी जायरोस्कोप वापरा आणि हात किती अंश वळला ते मोजा. जायरो थेट अंश प्रति सेकंद देतो, म्हणजे कर्सरचा वेग मिळतो आणि एकच इंटिग्रेशन लागतं. तेही स्क्रीनच करते, कारण माउस कॉम्प्युटरला फक्त 'इतके पिक्सेल सरक' एवढंच सांगतो. ॲक्सिलरोमीटर टाकून देऊ नका, त्याचं एक महत्त्वाचं काम पुढे येतं. मॅग्नेटोमीटरची मात्र गरज नाही. उत्तर दिशा कोणती याच्याशी माउसला देणंघेणं नसतं आणि लोखंडी बेंचजवळ तो चुकीचंच सांगतो.

क्लच आधी, क्लिक नंतर

डग्लस एंगेलबार्ट यांच्या गटाने १९६४ मध्ये लाकडी खोक्याला काटकोनात दोन चाकं लावून पहिला माउस बनवला आणि ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत तो जाहीरपणे दाखवला. त्या खोक्यापासून आजच्या माउसपर्यंत एक सोय कायम आहे: माउस टेबलावरून उचलला की कर्सर थांबतो. ही सोय इतकी सहज मिळते की कुणाच्या लक्षातच येत नाही. हातावर बांधलेला माउस उचलून ठेवता येत नाही. तुम्ही चहाचा कप उचलला, घाम पुसला, फळ्याकडे बोट केलं, तरी कर्सर पळतोच. म्हणून दुचाकीला असतो तसा क्लच लागतो, म्हणजे हालचाल जोडणारं आणि तोडणारं एक वेगळं बटण. ज्या प्रोजेक्टमध्ये क्लच नाही तो पाच मिनिटांच्या व्हिडिओत छान दिसतो, पण वापरता येत नाही.

क्लचचं बटण तळहाताकडे, मधलं बोट मिटलं की टेकेल असं ठेवा. सतत दाबून धरायला लावू नका. साध्या ६ बाय ६ मिमीच्या टॅक्ट स्विचला १६० ते २५० ग्रॅम जोर लागतो आणि तो दहा मिनिटं धरला तर बोट दुखतं. एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद, आणि २० सेकंद हात हलला नाही तर आपोआप बंद, अशी योजना करा. क्लच चालू असताना बोर्डवरचा एलईडी पेटता ठेवा. नाहीतर वापरणाऱ्याला आपण कोणत्या स्थितीत आहोत हेच कळत नाही.

सामान

बोर्डसाठी ईएसपी३२-सी३ सुपर मिनी घ्या. साधारण २२ बाय १८ मिमीचा आहे आणि त्यात ब्लूटूथ लो एनर्जी आहे. नावातल्या शेवटच्या अक्षराकडे नीट बघा, कारण ईएसपी३२-एस२ मध्ये ब्लूटूथच नाही आणि चुकून तोच मागवला जातो. सेन्सर एमपीयू ६०५०, जीवाय-५२१ मॉड्यूलवरचा. जायरो आणि ॲक्सिलरोमीटर दोन्ही याच चिपमध्ये असतात. बॅटरी एका सेलची लिथियम पॉलिमर, ५०२०३० आकाराची, म्हणजे ५ मिमी जाड, २० मिमी रुंद, ३० मिमी लांब, क्षमता साधारण २५० मिलिॲम्पिअर-तास. चार्जिंगसाठी संरक्षण सर्किट असलेलं टीपी४०५६ मॉड्यूल. टॅक्ट स्विच तीन, तेही कमी जोराचे, १६० ग्रॅमवाले. १एन५८१७ शॉटकी डायोड एक, सरकवायचा छोटा स्विच एक, २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एक, १०० किलोओहमचे रेझिस्टन्स दोन आणि १० किलोओहमचा एक. सिलिकॉन आवरणाची बारीक मल्टिस्ट्रँड वायर. शिंप्याच्या सामानाच्या दुकानातून २५ मिमी रुंद इलॅस्टिक आणि वेल्क्रो. सगळं मिळून खर्च हजार रुपयांच्या आसपास राहतो.

स्विच, वायर, रेझिस्टन्स जळगाव-धुळ्याच्या दुकानांत मिळतात. सेन्सर आणि बोर्ड पुण्याच्या तपकीर गल्लीतून, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा ऑनलाइन मागवता येतात. सेन्सर दोन मागवा. बॅटरी लवकर मागवा, कारण लिथियम बॅटरी विमानाने पाठवण्यावर बंधनं असल्याने ती पार्सलं बऱ्याचदा रस्त्याने येतात.

आणखी एक पडताळणी सामान घेण्याआधीच करा. कॉलेजच्या लॅबमधल्या बऱ्याच डेस्कटॉपमध्ये ब्लूटूथ नसतं, आणि विंडोज ७ ब्लूटूथ लो एनर्जीचा माउस ओळखत नाही. ज्या मशीनवर परीक्षा होणार ते विंडोज १० किंवा पुढचं आहे का आणि त्यात ब्लूटूथ ४.० किंवा वरचं आहे का, हे बघून घ्या. नसेल तर लॅपटॉप किंवा यूएसबी ब्लूटूथ डोंगल लागेल.

वीजपुरवठा: इथे घाई नको

टीपी४०५६ मॉड्यूल दुकानातून येतं तेव्हा त्यावर १.२ किलोओहमचा रेझिस्टन्स असतो आणि तो चार्जिंगचा प्रवाह १ ॲम्पिअरवर ठेवतो. २५० मिलिॲम्पिअर-तासाच्या बॅटरीला हा चौपट प्रवाह आहे. बॅटरी फुगते, आणि मनगटावर बांधलेली बॅटरी फुगणं ही साधी बाब नाही. तो रेझिस्टन्स काढून १० किलोओहमचा लावा, प्रवाह सुमारे १३० मिलिॲम्पिअरवर येतो. चार्ज व्हायला दोन-अडीच तास लागतील, लागू द्या. बदलल्यावर मल्टिमीटर ॲम्पिअरवर ठेवून बॅटरीच्या वायरीतून प्रवाह प्रत्यक्ष मोजा, मगच पुढे जा.

लिथियम पॉलिमर ४५ अंशांच्या वर चार्ज करायची नसते. पत्र्याच्या खोलीत मे महिन्याच्या दुपारी हा आकडा सहज ओलांडला जातो. चार्जिंग रात्री किंवा सकाळी करा. चार्ज केलेलं यंत्र दुपारच्या उन्हात गाडीच्या डिकीत ठेवू नका.

सुपर मिनीवरची ५ व्होल्टची पिन थेट यूएसबीच्या ५ व्होल्टला जोडलेली असते. बॅटरी त्या पिनला सरळ जोडली आणि प्रोग्राम टाकायला यूएसबी लावली, की ५ व्होल्ट बॅटरीत घुसतात. म्हणून टीपी४०५६ च्या आउटपुट प्लसपासून आधी सरकता स्विच, मग शॉटकी डायोड आणि मग ५ व्होल्टची पिन, असा क्रम ठेवा. डायोडचा पट्टा बोर्डाकडे. त्यात ०.२ ते ०.३ व्होल्ट जातात, पण बोर्डवरचा रेग्युलेटर कमी फरकावरही चालतो आणि चिप ३.० व्होल्टपर्यंत तग धरते. यूएसबी लावण्याआधी स्विच बंद करण्याची सवय असली तरी डायोड लावाच. सबमिशनच्या रात्री सवयी टिकत नाहीत.

मोठा ईएसपी३२ डेव्हलपमेंट बोर्ड वापरायचा विचार असेल तर त्यावरचा एएमएस१११७ रेग्युलेटर बघा. त्याला आउटपुटपेक्षा १ व्होल्टहून जास्त इनपुट लागतो. ३.७ व्होल्टच्या बॅटरीवर तो पुरेसे व्होल्ट देऊच शकत नाही आणि रेडिओ सुरू होताच बोर्ड रीसेट होतो. यूएसबीवर चालतं, बॅटरीवर चालत नाही, ही तक्रार असली की सहसा हेच कारण असतं.

२२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ५ व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये, बोर्डाच्या अगदी जवळ लावा. रेडिओ क्षणभर मोठा प्रवाह ओढतो, तो धक्का यात जिरतो. बॅटरी किती उरली हे कळण्यासाठी १०० किलोओहमचे दोन रेझिस्टन्स मालिकेत लावून मधला बिंदू बोर्डाच्या जीपीआयओ ० या पिनला द्या. ४.२ व्होल्टचे २.१ होतात आणि सतत वाहणारा प्रवाह २१ मायक्रोॲम्पिअर, म्हणजे नगण्य.

बॅटरी किती वेळ चालेल ते स्वतः मोजून काढा. सरासरी प्रवाह ७० मिलिॲम्पिअर आला आणि क्षमतेचा ८० टक्के भाग वापरला, तर २०० भागिले ७०, म्हणजे तीन तासांच्या थोडं आत. याहून जास्त हवं असेल तर एनआरएफ५२८४० चा बोर्ड घ्यावा लागेल. तो महाग, पण खर्च होणारा प्रवाह कितीतरी कमी.

जोडणी आणि हातावरची बांधणी

सेन्सर आणि बोर्ड आय-टू-सी नावाच्या दोन वायरींच्या जोडणीवरून बोलतात. सेन्सरचा एसडीए जीपीआयओ ६ ला, एससीएल ७ ला, व्हीसीसी ३.३ व्होल्टला. अर्डुइनो या प्रोग्राम लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये सी३ च्या आय-टू-सी पिना ठरलेल्या ८ आणि ९ असतात, म्हणून प्रोग्राममध्ये ६ आणि ७ स्पष्ट लिहा. डावा क्लिक जीपीआयओ ३, उजवा ४, क्लच १०. प्रत्येक स्विचचं दुसरं टोक ग्राउंडला आणि आतला पुल-अप (बटण सुटं असताना पिन वरच्या व्होल्टला धरून ठेवणारा रेझिस्टन्स) चालू. स्विच २, ८ किंवा ९ वर लावू नका. बोर्ड सुरू होताना या पिना बघून ठरवतो की प्रोग्राम चालवायचा की नवीन प्रोग्रामची वाट बघायची. ९ वरचं बटण चुकून दाबलेलं असताना वीज आली तर यंत्र मेल्यासारखं पडून राहतं.

सेन्सर कुठे बांधायचा यावर गटात वाद होतो. बोटावर बांधला तर क्लिक करताना बोटाबरोबर कर्सर उडतो. मनगटावर घड्याळासारखा बांधला तर मनगटापासून पंजा वाकतो ती हालचाल निसटते आणि अख्खा कोपर हलवावा लागतो. हाताची पाठ, मधल्या बोटाच्या सांध्यापासून दोन-तीन सेंटिमीटर मागे, ही योग्य जागा. मॉड्यूलवर छापलेला एक्स बाण बोटांकडे, वाय बाण अंगठ्याकडे, चिप वर. हे उजव्या हातासाठी. बोर्ड आणि बॅटरी मागे मनगटाच्या पट्ट्यावर ठेवा. बोर्डाचा अँटेनाचा कोपरा बॅटरीपासून दूर आणि त्वचेपासून निदान ५ मिमी वर हवा. शरीरातलं पाणी आणि बॅटरीचा धातू दोन्ही २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल खातात, आणि या बोर्डाचा अँटेना मुळातच इवलासा आहे.

पूर्ण हातमोजा शिवू नका. फोटोत तो छान दिसतो, पण उन्हाळ्यात पाच मिनिटांत आत घाम साचतो. तळहाताभोवती इलॅस्टिकचा एक पट्टा, मनगटाभोवती दुसरा, एवढं पुरतं. एकूण वजन ४० ग्रॅमच्या आत ठेवा.

तर्जनीवरच्या स्विचसाठी आपल्याकडे एक फुकटचं साहित्य आहे: ड्रिपची १६ मिमीची नळी. केळीच्या किंवा कपाशीच्या कुठल्याही शेताच्या बांधावर तिचे तुकडे पडलेले असतात. १० मिमी रुंद कडी कापा आणि तिला एक उभी चीर द्या. कडी उघडते, बोटावर बसते आणि स्वतःच्या ताणाने पकडून राहते. जाड बोटाला २० मिमीची नळी घ्या. स्विच छोट्या परफबोर्डच्या तुकड्यावर सोल्डर करा आणि कडीला सुईने भोकं पाडून दोऱ्याने बांधा. चिकटवायला जाऊ नका, ही नळी पॉलिथिनची असते आणि तिला फेविक्विक किंवा इपॉक्सी धरत नाही. एक कडी तर्जनीच्या टोकाकडच्या पेरावर डाव्या क्लिकसाठी, दुसरी मधल्या पेरावर उजव्यासाठी, दोन्ही स्विच अंगठ्याच्या बाजूला.

सेन्सर बसवताना दोन चुका होतात. जाड, मऊ फोमच्या टेपवर बसवला तर तो डुलतो आणि कर्सर थरथरतो. चिपवरच गरम ग्लू ओतला तर ग्लू थंड होताना चिपवर ताण येतो आणि शून्य सरकतो. कडक प्लास्टिकच्या पट्टीवर पातळ दुहेरी टेप आणि मॉड्यूलच्या भोकातून दोरा, हे सर्वांत चांगलं. स्विचच्या सोल्डरवर पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात द्या, घामातलं मीठ तिथून आत जातं. वायरी सांध्यांवरून जाताना थोड्या सैल ठेवा आणि सोल्डरपासून एक सेंटिमीटरवर दोऱ्याने बांधा. वायर तुटते ती नेहमी सोल्डरच्या कडेलाच.

प्रोग्राम

अर्डुइनोसाठी बीएलई (ब्लूटूथ लो एनर्जी) माउस नावाची तयार लायब्ररी आहे. ईएसपी३२ कोअरच्या ३.० आणि पुढच्या आवृत्तीवर ती स्ट्रिंगच्या प्रकारावरून एरर देते. बोर्ड मॅनेजरमधून २.० मालिकेतली आवृत्ती घेतली की अडचण मिटते.

सेन्सर वीज मिळताच झोपलेला असतो, म्हणून हेक्स ६बी (सोळाच्या पायातला क्रमांक) या रजिस्टरमध्ये, म्हणजे सेन्सरच्या आतल्या सेटिंगच्या कप्प्यात, शून्य लिहून त्याला जागं करा. हेक्स १ए मध्ये ३ लिहा, म्हणजे जायरोचा आतला फिल्टर ४२ हर्ट्झवर बसतो आणि उशीर ५ मिलिसेकंदांच्या आत राहतो. हेक्स १९ मध्ये ४ लिहिलं की सेकंदाला २०० नमुने मिळतात. जायरोची मर्यादा ५०० अंश प्रति सेकंद ठेवा. तेव्हा कच्च्या आकड्याला ६५.५ ने भागलं की अंश प्रति सेकंद मिळतात. आय-टू-सी ४०० किलोहर्ट्झवर चालवा. १४ बाइट वाचायला अर्ध्या मिलिसेकंदाहून कमी वेळ लागतो.

शून्य काढणं: सुरुवातीला हात टेबलावर टेकवून दोन सेकंद, म्हणजे ४०० नमुने, सरासरी घ्या आणि पुढच्या प्रत्येक वाचनातून ती वजा करा. या काळात हात हलला तर सरासरी चुकीची येते, म्हणून नमुन्यांमधला फैलाव सेकंदाला अर्ध्या अंशाहून जास्त असेल तर मोजणी पुन्हा करा. या सेन्सरचा शून्य सेकंदाला २० अंशांपर्यंत चुकलेला असू शकतो, ही गोष्ट त्याच्या माहितीपत्रकातच दिलेली आहे.

एकदा काढलेला शून्य दिवसभर पुरत नाही. सेन्सरमध्येच तापमापक आहे: कच्चा आकडा भागिले ३४० अधिक ३६.५३, म्हणजे अंश सेल्सिअस. शून्य काढला तेव्हाचं तापमान लक्षात ठेवा आणि ३ अंशांचा फरक पडला की शून्य पुन्हा काढा. कूलरच्या खोलीतून बाहेरच्या वर्गात गेलात तर हे नक्की होणार. क्लच इथे दुसऱ्यांदा कामी येतो. क्लच बंद असताना हात एक सेकंद स्थिर दिसला, तर शून्य हळूच दुरुस्त करून घ्यायचा. क्लच चालू असताना ही दुरुस्ती कधीही करू नका, कारण वापरणारा मुद्दाम हळू सरकवत असतो आणि प्रोग्राम ती हालचाल चूक समजून खाऊन टाकतो.

आता ॲक्सिलरोमीटरचं काम. माणूस हात कधी टेबलासारखा सपाट ठेवत नाही. तळहात ३०-४० अंश आत कललेला असतो, हस्तांदोलनासारखा. मग हात सरळ उजवीकडे नेला तरी कर्सर तिरका जातो. गुरुत्वाकर्षणावरून कल काढा: वाय आणि झेड प्रवेगांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ घ्या. वाय भागिले ते म्हणजे कलाचा साइन, झेड भागिले ते म्हणजे कोसाइन. मग

आडवा वेग = वाय जायरो × साइन + झेड जायरो × कोसाइन
उभा वेग = वाय जायरो × कोसाइन − झेड जायरो × साइन

वर सांगितल्याप्रमाणे बाण लावले असतील तर आडव्या वेगाचं चिन्ह उलटं करा, उभ्याचं तसंच ठेवा. बोटं सरळ छताकडे किंवा जमिनीकडे असली की ते वर्गमूळ शून्याकडे जातं आणि उत्तर वेडंवाकडं येतं. ते ०.३ जी च्या खाली गेलं तर आधीचाच कल वापरत राहा. साइन-कोसाइनच्या या दोन ओळींनी यंत्राचा वापर जेवढा सुधारतो तेवढा दुसऱ्या कशानेच सुधारत नाही.

वेगापासून पिक्सेल: हळू हालचालीला, सेकंदाला १० अंशांच्या आत, दर अंशाला २० पिक्सेल. १०० अंशांपर्यंत ते चढत ६० वर न्या. हळू हात म्हणजे वापरणारा बारीक नेम धरतोय, झपकन गेलेला हात म्हणजे स्क्रीनच्या दुसऱ्या टोकाला जायचंय. आकडे लावत असताना विंडोजमधलं 'एनहान्स पॉइंटर प्रिसिजन' बंद ठेवा, नाहीतर तुमच्या वाढीवर विंडोज स्वतःची वाढ चढवतं आणि कशाचा परिणाम कुठे होतोय ते कळत नाही.

इथे दोन चुका हमखास होतात. सेकंदाला १ अंश वेग, १५ मिलिसेकंदांत ०.०१५ अंश, गुणिले २० म्हणजे ०.३ पिक्सेल. पूर्णांक करताना याचं शून्य होतं, दर वेळी होतं, आणि कर्सर हळू सरकतच नाही. उरलेला अपूर्णांक जपून ठेवा आणि पुढच्या वेळी मिळवा. दुसरी चूक याच्या उलट टोकाची. माउसच्या साध्या संदेशात एका वेळी −१२७ ते १२७ एवढेच पिक्सेल मावतात. २०० अंशांच्या झटक्यात १५ मिलिसेकंदांत ३ अंश, गुणिले ६०, म्हणजे १८०. आठ बिटांत १८० चे −७६ होतात आणि कर्सर उलट दिशेला उडी मारतो. १२७ वर कापा, उरलेले पुढच्या संदेशात पाठवा.

संदेश दर तिसऱ्या नमुन्याला, म्हणजे १५ मिलिसेकंदांनी पाठवा. दर ५ मिलिसेकंदांनी पाठवला तर ब्लूटूथची ठरलेली वेळ येईपर्यंत रांग साचते, आणि हात थांबल्यावरही कर्सर चालत राहतो. यासाठी सेन्सरला दोष देऊ नका.

निरोगी हातालाही सेकंदाला ८ ते १२ वेळा बारीक कंप असतो. त्यासाठी घातांकी सरासरी लावा, नव्या नमुन्याला ०.२५ वजन. २०० नमुन्यांच्या वेगाला त्यातून साधारण १५ मिलिसेकंदांचा उशीर येतो आणि तो जाणवत नाही. वजन ०.०५ केलं तर कर्सर लोण्यासारखा गुळगुळीत होतो, पण ९५ मिलिसेकंद मागे राहतो आणि नेम कायम पुढे जातो. याहून चांगलं हवं असेल तर २०१२ मध्ये मांडला गेलेला 'वन युरो' फिल्टर अभ्यासा. तो हळू हालचालीला जास्त आणि जलद हालचालीला कमी गाळतो. शेवटी १ अंशाचा मृत पट्टा ठेवा, म्हणजे सेकंदाला १ अंशाहून हळू हालचाल सोडून द्या, पण पट्टा ओलांडल्यावर वेगातून १ वजा करा, नाहीतर पट्ट्याच्या कडेला कर्सर ठेच लागल्यासारखा सुटतो.

क्लिक करताना उडणारा कर्सर

अंगठा बोटावर दाबला की हाताची पाठ किंचित हलते. फाइलवर क्लिक करायला जावं आणि शेजारच्या फाइलवर व्हावं, असं होतं. बटण दाबलं गेल्यापासून १२० मिलिसेकंद कर्सर गोठवा. एवढ्याने अर्धंच काम होतं, कारण हात हलायला लागतो तो स्विच मिटण्याच्या आधीपासून. म्हणून शेवटच्या ६० मिलिसेकंदांत पाठवलेले पिक्सेल लक्षात ठेवा आणि बटण दाबताच तेवढेच उलटे पाठवा, मग क्लिक पाठवा. ही बेरीज १५ पिक्सेलपेक्षा मोठी असेल तर उलटे पाठवू नका, तेव्हा माणूस खरोखरच सरकत होता. बटण धरून ठेवून हात २ अंशांहून जास्त वळला, तर गोठवणं सोडा आणि ओढणं सुरू करू द्या.

दाबताना स्विच क्षणभर चालू-बंद होत राहतो. हे ठोके गाळण्यासाठी सलग तीन नमुने सारखे आले तरच बदल मान्य करा. स्क्रोलसाठी वेगळं बटण नको: उजवं बटण धरून हात वर-खाली केला तर दर ४ अंशांना चाकाचा एक टप्पा, आणि २५० मिलिसेकंदांच्या आत न हलवता सोडलं तर उजवा क्लिक.

बिघाड ओळखणं

क्लिक होतो पण कर्सर मेलेला आहे: सेन्सरची वीज क्षणभर तुटली, तो पुन्हा झोपला आणि बोर्डाला पत्ताच नाही. दर सेकंदाला हेक्स ६बी वाचा, झोपेचा बिट दिसला की सेन्सर नव्याने सुरू करा. वाचलेले बाइट १४ आले का हेही दर वेळी तपासा.

सेन्सर सापडतच नाही असं लायब्ररी म्हणत असेल तर हेक्स ७५ रजिस्टर वाचा. खऱ्या एमपीयू ६०५० ने हेक्स ६८ सांगायला हवं. बाजारातल्या कित्येक मॉड्यूलवर दुसरीच चिप असते, ७० आलं तर ती एमपीयू ६५००. जायरोचे रजिस्टर तेच असल्याने काम चालतं, फक्त लायब्ररीतली ओळखीची अट काढावी लागते. तापमानाचं सूत्र मात्र वेगळं असतं, ते त्या चिपच्या माहितीपत्रकातून घ्या.

जोडणी दिसते पण काहीच होत नाही, आणि तुम्ही नुकताच माउसच्या संदेशाचा नमुना बदलला आहे: विंडोज जुना नमुना लक्षात ठेवून बसतं. यादीतून यंत्र काढून टाका आणि पुन्हा जोडा.

मोजमाप

'छान चालतो' हे रिपोर्टमध्ये लिहिण्याजोगं वाक्य नाही. तीन चाचण्या करा. पहिली, स्थिरता: क्लच चालू ठेवून आणि २० सेकंदांचा आपोआप-बंद तात्पुरता काढून, यंत्र टेबलावर दहा मिनिटं ठेवा आणि कर्सर किती पिक्सेल सरकला ते लिहा. हीच चाचणी सकाळी १० ला आणि दुपारी ३ ला, तापमानाच्या नोंदीसह. दुसरी, उशीर: फोनवर २४० फ्रेमचा स्लो मोशन व्हिडिओ घ्या, हात आणि स्क्रीन दोन्ही दिसतील असा. हात हलल्यापासून कर्सर हलेपर्यंतच्या फ्रेम मोजा, एक फ्रेम ४.१७ मिलिसेकंद.

तिसरी, नेम. पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये मांडलेल्या नियमाचं आज प्रचलित असलेलं रूप यासाठी वापरतात: अवघडपणा = लॉग पाया २ (अंतर भागिले रुंदी, अधिक १). ५१२ पिक्सेलवर ३२ पिक्सेलचं लक्ष्य असेल तर ४.०९ बिट. ते गाठायला सरासरी १.५ सेकंद लागले तर वेग २.७ बिट प्रति सेकंद. साधा माउस अशा चाचण्यांत साधारण ४ ते ५ च्या आसपास येतो. तुमचा आकडा त्याहून कमीच येईल. तो तसाच लिहा आणि तीन दिवसांच्या सरावानंतर किती वाढला तेही लिहा. चाचणी गटाबाहेरच्या, वेगवेगळ्या आकाराच्या हातांवर घ्या. डावखुरा एक तरी हवा. त्याच्यासाठी एक्स बाण बोटांकडेच राहतो, वाय बाण अंगठ्याऐवजी करंगळीकडे येतो आणि कड्या दुसऱ्या बाजूला फिरवाव्या लागतात, सूत्र तेच राहतं.

सादरीकरणाच्या दिवशी यंत्र अर्धा तास आधी त्याच खोलीत नेऊन ठेवा, सेन्सर खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि मग शून्य काढा. आधी जोडलेले सगळे फोन आणि लॅपटॉप यंत्रापासून तोडा, नाहीतर कॉरिडॉरमधल्या मित्राचा लॅपटॉप ते आधी पकडतो. दुसरी चार्ज केलेली बॅटरी, दोन जादा स्विच आणि ड्रिपच्या नळीच्या चार-पाच कड्या वेगवेगळ्या मापांच्या जवळ ठेवा. परीक्षक स्वतःच्या हातावर घालून बघणारच, आणि त्यांचं बोट तुमच्यापेक्षा जाड असू शकतं.